खो-खोमधला ‘एकलव्य’ पुरस्कार कोणाला मिळतो?

खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत वर्षातल्या सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला दिला जातो तो एकलव्य पुरस्कार. महिलांमध्ये हाच मान राणी लक्ष्मीबाई पुरस्काराचा. कुमार गटात वीर अभिमन्यू आणि जानकी, तर किशोर गटात भरत आणि इला.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यात झाली. महिलांची पुढच्याच वर्षी, आपल्या कोल्हापुरात! वैयक्तिक पुरस्कार मात्र १९६३-६४ च्या इंदूर स्पर्धेपासून सुरू झाले.

सर्वोत्कृष्ट ठरवणं इथे सोपं नाही. फुटबॉलमध्ये निदान गोल मोजता येतात. खो-खोत तोच खेळाडू एका डावात पाठलाग करतो, दुसऱ्यात पळतो. म्हणून बातमीत त्याच्या नावापुढे दोन आकडे दिसतात: संरक्षणाची मिनिटं आणि बाद केलेले गडी. नऊ मिनिटांच्या डावात दोन-अडीच मिनिटं टिकला, तर तो सामना फिरवू शकतो. उत्कृष्ट संरक्षक आणि उत्कृष्ट आक्रमक यांची बक्षिसं वेगळी असतात. ‘एकलव्य’ हा अष्टपैलू खेळाडूचा मान समजला जातो.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं ब्राउनलो पदक १९२४ पासून दिलं जातं. तिथे प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात आणि हंगामाअखेर बेरीज होते. आपल्याकडे निकाल एकाच स्पर्धेच्या मोजक्या दिवसांत लागतो. त्या दिवसांत घोटा मुरगळला, की पुरस्कार पुढच्या वर्षावर.