विज्ञान केंद्र
विज्ञान केंद्र : वैज्ञानिक तत्त्वे प्रेक्षकांना स्वतः हाताळता येणाऱ्या प्रदर्शवस्तूंद्वारे समजावून देणारी सार्वजनिक संस्था (पहा : विज्ञान संग्रहालये). फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे स्थापिलेले एक्सप्लोरेटोरियम हे या प्रकाराचे एक आद्य उदाहरण होय. भारतात १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र (१९८५), नागपूरचे रामन विज्ञान केंद्र (१९९२) आणि पणजीचे गोवा विज्ञान केंद्र (२००१) तिच्या अखत्यारीत येतात. कायम दालने, विज्ञान उद्यान, फिरती प्रदर्शने, काही ठिकाणी तारांगण (पहा : तारांगण) व नवोपक्रम कक्ष ही त्यांची अंगे असून नवोपक्रम कक्षात विद्यार्थ्यांना अवजारे व मार्गदर्शन मिळते. पिंपरी-चिंचवडचे सायन्स पार्क परिषद आणि महानगरपालिका यांच्या भागीदारीतून उभारले गेले. शाळा, स्थानिक स्वराज्य संस्था व संशोधन संस्था यांना जोडणारे व्यासपीठ म्हणून प्रादेशिक नवोपक्रमात विज्ञान केंद्रांना स्थान आहे.