रुळणं

ऑनसाइटहून परतलेल्या आपल्या जमातीचं रडगाणं ठरलेलं असतं. ट्रॅफिक, हॉर्न, रांगेत मध्येच घुसणारे काका. दोन-तीन महिन्यांत आपण रुळतो आणि आपणही हॉर्न वाजवायला लागतो! पण रुळणं ही दर वेळी चांगलीच गोष्ट असते का? मला राहून राहून १९१७ सालचं बडोदं आठवतं.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. वर बाँड होताच: दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. (आपण दोन वर्षांच्या बाँडवर किती कुरकुरतो!)

'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं त्यांचं छोटंसं आत्मकथन आहे. नाव वाचून आपल्याला कॉन्सुलेटची रांग आठवेल, पण आत आहे ते वेगळंच. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली. प्रश्न साधाच होता, राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाडं देऊन आणि रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून ते राहिले. अडगळीने भरलेला मोठा हॉल, रात्री एक मिणमिणता कंदील आणि सोबतीला पुस्तकं.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. भीमरावांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवर कोलंबियाचा हा विद्यार्थी कामाठी बागेत बसून राहिला.

आपल्याला परतल्यावर त्रास होतो तो गैरसोयीचा. ती सवयीने जाते. इथे मात्र रुळायचं म्हणजे परदेशात मिळालेली साधी माणूसपणाची सवय मोडायची होती. आणि हे सगळं फार जुनं आहे असंही नाही. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना मला ब्रोकरने बजेटच्या आधी आडनाव विचारलं होतं. रुळलेल्या माणसाला त्यात काही खटकतही नाही.

आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, अर्धवट अभ्यास पुरा करून १९२३ मध्ये परतले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. बडोद्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती, आणि ते अजून रुळले नव्हते.

बरंच झालं.