कमी वॅटचा व्हॉल्व्ह गिटार विवर्धक

कमी वॅटचा व्हॉल्व्ह गिटार विवर्धक म्हणजे विद्युत गिटारमधून येणारा क्षीण संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून स्पीकरला पुरवणारे, साधारणतः १ ते १५ वॅट शक्तीचे उपकरण होय. जुन्या रेडिओच्या काळापासून निर्वात नलिकेला मराठीत ‘व्हॉल्व्ह’ म्हटले जाते. गिटारवादकांमध्ये हे उपकरण ‘ट्यूब अँप’ या नावाने परिचित आहे. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकारातील गिटारवादनासाठी असे लहान विवर्धक विशेष पसंत केले जातात. या शैलीला हवा असलेला किंचित फाटलेला, बोटांच्या दाबाप्रमाणे बदलणारा स्वर व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेच्या सीमेवर चालत असतानाच मिळतो; आणि लहान विवर्धक ही सीमा तुलनेने कमी आवाजात गाठतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली द्विप्रस्थ व्हॉल्व्ह तयार केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली त्यात जालक हा तिसरा घटक घातला. या तिसऱ्या घटकामुळे विद्युत संकेत वाढवणे शक्य झाले आणि पुढे रेडिओ, ध्वनिवर्धक व गिटारचे विवर्धक अस्तित्वात आले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतरित झाली. मिसिसिपीतील मडी वॉटर्स हे गायक-वादक १९४३ मध्ये शिकागोला आले. शहरातील गजबजलेल्या मद्यगृहांत साधी गिटार ऐकू जात नसे. म्हणून वादक विद्युत गिटारकडे वळले. त्या काळचे विवर्धक लहान होते आणि गोंगाटावर मात करण्यासाठी ते पूर्ण उघडून वाजवावे लागत. आवाज फाटणे हा वास्तविक तांत्रिक दोष होता. मात्र वादक व श्रोते यांना तो रुचला आणि ब्लूजच्या स्वराची ओळख बनला.

कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९४८ साली ‘चॅम्पियन ८००’ हा नवशिक्यांसाठीचा लहान विवर्धक बाजारात आणला. त्याचीच पुढील आवृत्ती ‘चॅम्प’ होय. विद्यार्थ्यांसाठी बनवलेले हे सुमारे ५ वॅटचे उपकरण पुढे ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचले. एरिक क्लॅप्टन यांनी डेरेक अँड द डॉमिनोज या वाद्यवृंदाच्या १९७० सालच्या ‘लैला’ गीतसंग्रहाच्या ध्वनिमुद्रणात चॅम्प वापरला होता.

रचना व कार्य

व्हॉल्व्ह विवर्धकाचे तीन मुख्य भाग असतात. पूर्वविवर्धक हा पहिला भाग गिटारचा क्षीण संकेत वाढवतो. त्यात बहुधा १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह असतो. युरोपीय पद्धतीत त्याचेच नाव ईसीसी८३ असे आहे. दुसऱ्या भागातील शक्ती व्हॉल्व्ह स्पीकर हलवण्याइतकी शक्ती निर्माण करतो. लहान विवर्धकांत त्यासाठी मुख्यतः ६व्ही६ किंवा ईएल८४ वापरतात. शक्ती व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामध्ये निर्गम रोहित्र असते. तिसरा भाग वीजपुरवठ्याचा असून तो घरातील प्रत्यावर्ती विजेपासून उच्च दाबाचा एकदिश प्रवाह तयार करतो.

संकेत वाढत जाऊन व्हॉल्व्हच्या मर्यादेपाशी पोहोचला की तरंगाचे माथे कापले जाऊ लागतात. व्हॉल्व्हमध्ये ही क्रिया हळूहळू होते. त्यामुळे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतील उपस्वर क्रमाने मिसळत जातात आणि स्वर भरदार वाटतो. हळू छेडल्यास स्वर स्वच्छ राहतो, जोराने छेडल्यास फाटतो. गिटारवरील आवाजाची कळ थोडी कमी केली तरी विवर्धकाला हात न लावता स्वर पुन्हा स्वच्छ होतो. गाणाऱ्या आवाजाला गिटारने उत्तर देण्याच्या ब्लूजमधील पद्धतीला हा गुण पूरक ठरतो.

वीजपुरवठ्यात एकदिशकारक म्हणूनही व्हॉल्व्ह असल्यास जोराच्या आघाताबरोबर विद्युत दाब क्षणभर खाली येतो व पुन्हा सावरतो. त्यामुळे स्वराचा प्रारंभ किंचित दबतो आणि मागाहून स्वर फुलतो.

वॅट आणि आवाज यांचा संबंध

वॅट हे विद्युत शक्तीचे परिमाण आहे, ऐकू येणाऱ्या आवाजाचे नव्हे. शक्ती दुप्पट केल्यास आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. शक्ती दहापट केल्यास ती १० डेसिबलने वाढते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. म्हणजेच ५० वॅटचा विवर्धक ५ वॅटच्या विवर्धकापेक्षा दहापट नव्हे, तर सुमारे दुप्पट मोठा वाटतो.

स्पीकरची संवेदनशीलता हा घटक वॅटइतकाच महत्त्वाचा आहे. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, यावरून ती मोजतात. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर १ वॅटचा विवर्धक १ मीटरवर ९७ डेसिबल, ५ वॅटचा सुमारे १०४ डेसिबल आणि १५ वॅटचा सुमारे १०९ डेसिबल आवाज देतो. त्याच जागी १०० डेसिबलचा स्पीकर लावल्यास विवर्धकाची शक्ती दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

यावरून ‘कमी वॅट म्हणजे हळू आवाज’ ही समजूत चुकीची ठरते. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीमागे हा कालावधी निम्मा करावा. या हिशेबाने ९७ डेसिबलला अर्धा तास आणि १०० डेसिबलला १५ मिनिटे एवढीच मर्यादा उरते. पूर्ण उघडलेला १ वॅटचा विवर्धकही जवळ बसून तासन्‌तास वाजवणे कानांना अपायकारक ठरू शकते.

प्रकार

सिंगल-एंडेड: यात एकच शक्ती व्हॉल्व्ह संपूर्ण तरंग हाताळतो. शक्ती सुमारे ४ ते ६ वॅट असते. या रचनेत सम पटींतील उपस्वर टिकून राहतात. स्वर लवकर फाटतो. खर्जातील स्वर मात्र काहीसे सैल वाटतात.

पुश-पुल: यात दोन शक्ती व्हॉल्व्ह तरंगाचे दोन भाग आळीपाळीने हाताळतात. ६व्ही६ किंवा ईएल८४ च्या जोडीतून साधारण १२ ते १५ वॅट मिळतात. स्वच्छ स्वराला अधिक वाव मिळतो व खर्ज घट्ट राहतो. ढोलांसह वाजवायचे असल्यास हा प्रकार अधिक उपयोगी पडतो.

ढोबळमानाने ६व्ही६ चा स्वर गोलसर आणि अमेरिकी ब्लूजला जवळचा, तर ईएल८४ चा स्वर अधिक चकचकीत व मध्यम कंप्रता उठावदार करणारा मानला जातो. तथापि मंडलाची रचना, रोहित्र व स्पीकर यांचा प्रभावही तितकाच असल्याने केवळ व्हॉल्व्हच्या नावावरून स्वराचा अंदाज बांधता येत नाही.

प्रमुख नमुने

• फेंडर चॅम्प: १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्तीत एक १२एएक्स७, एक ६व्ही६, व्हॉल्व्ह एकदिशकारक व ८ इंची स्पीकर, सुमारे ५ वॅट. आवाजाची एकच कळ.
• फेंडर डिलक्स: १९५० च्या दशकातील आवृत्तीत ६व्ही६ ची जोडी व १२ इंची स्पीकर, शक्ती १५ वॅटच्या आत.
• फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब: १९६४ पासून, ६व्ही६ ची जोडी, १० इंची स्पीकर, स्प्रिंगद्वारे निर्माण होणारा घुमारा, सुमारे १२ वॅट.
• व्हॉक्स एसी१५: इंग्लंडमध्ये १९५८ साली आलेला, ईएल८४ च्या जोडीचा १५ वॅटचा विवर्धक.
• फेंडर ब्लूज ज्युनियर: १९९० च्या दशकापासून, ईएल८४ ची जोडी, १२ इंची स्पीकर, १५ वॅट.
• ब्लॅकस्टार एचटी-१: शक्तीच्या भागात ईसीसी८२ हा लहान व्हॉल्व्ह वापरणारा १ वॅटचा विवर्धक, घरगुती सरावासाठी.

निवडीचे निकष

वापराची जागा हा पहिला निकष होय. शेजारी भिंत असलेल्या घरात सरावासाठी १ वॅट किंवा त्याहून कमी शक्ती पुरेशी असते. स्वतंत्र घर किंवा ध्वनिमुद्रणासाठी ५ वॅट योग्य ठरतात. ढोलवादकासह लहान सभागृहात वाजवण्यासाठी १२ ते १५ वॅटची पुश-पुल रचना लागते. मोठ्या मंचावरही लहान विवर्धक चालतो. त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवून आवाज सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून दिला जातो.

पूर्वविवर्धकातील आवाजाच्या कळीखेरीज मुख्य आवाजाची वेगळी कळ असल्यास कमी आवाजातही स्वर फाडता येतो. मात्र तो केवळ पूर्वविवर्धकातून येत असल्याने काहीसा पातळ वाटतो. विवर्धक व स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर जोडून शक्ती उष्णतेच्या रूपाने घालवणे हा दुसरा मार्ग आहे. १२एएक्स७ च्या जागी कमी विवर्धनाचा १२एवाय७ बसवल्यास स्वर उशिरा फाटतो. अनेक मंडलांत हा बदल अन्य फेरफाराविना करता येतो.

स्पीकरचा आकारही स्वर ठरवतो. ८ इंची स्पीकर पेटीतून आल्यासारखा मर्यादित स्वर देतो, तर १० व १२ इंची स्पीकर खर्ज अधिक भरदार करतात. निर्गम जोडणीसाठी सांगितलेला संरोध व स्पीकरचा संरोध जुळणे आवश्यक असते.

जुना विवर्धक घेताना तो किमान अर्धा तास चालू ठेवून ऐकावा. सतत गुणगुण येत असल्यास वीजपुरवठ्यातील धारित्रे निकामी झालेली असू शकतात. पेन्सिलीने व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली असता स्पीकरमधून मोठा खणखणाट ऐकू आल्यास तो व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती

मुंबईत वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओत फेब्रुवारी २०११ मध्ये पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला. त्यात शिकागो परंपरेतील ज्येष्ठ वादक बडी गाय यांच्यासह शिलाँगच्या सोलमेट या वाद्यवृंदाचे वादन झाले. व्हॉल्व्हच्या बाबतीत, भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ पासून बंगळूर येथे रेडिओसाठीच्या व्हॉल्व्हचे उत्पादन केले. सध्या गिटार विवर्धकांचे नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे तयार होतात.

विवर्धक निवडताना येथील वीजपुरवठ्याचा विचार अपरिहार्य ठरतो. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असते, तर अमेरिकेत ती १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झ असते. अमेरिकेतून आणलेला विवर्धक थेट जोडल्यास जळतो. दाब उतरवणारे रोहित्र वापरले तरी ५० हर्ट्‌झवर त्याचे मूळ रोहित्र थोडे अधिक तापते. म्हणून २३० व्होल्टसाठीच बनवलेली आवृत्ती घेणे श्रेयस्कर असते.

ग्रामीण भागात विद्युत दाब वरखाली होत असल्यास त्याचा परिणाम सरळ व्हॉल्व्हवर होतो. व्हॉल्व्हच्या तापकाला ६.३ व्होल्ट लागतात. घरातील दाब २६० व्होल्टवर गेल्यास तापकाला सुमारे ७.१ व्होल्ट मिळतात, तर १९० व्होल्टवर उतरल्यास सुमारे ५.२ व्होल्ट. दोन्ही स्थितींत व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. यासाठी स्टॅबिलायझर वापरणे इष्ट ठरते. भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टर वापरायचा असल्यास तो साइन-वेव्ह प्रकारचा असावा; अन्य प्रकारांमुळे स्पीकरमधून घरघर ऐकू येते. वाशीम, रिसोड किंवा कारंजा यांसारख्या मोठ्या बाजारपेठांपासून दूरच्या गावी राहणाऱ्या वादकाने व्हॉल्व्हचा एक जादा संच व योग्य क्षमतेचे फ्यूज जवळ बाळगणे सोयीचे असते. सहज उपलब्ध होणारे १२एएक्स७, ईएल८४ व ६व्ही६ वापरणारी, मोजक्या घटकांची रचना अशा ठिकाणी दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक व्यवहार्य ठरते.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही सभोवतालच्या आवाजाची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ होय. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही या नियमांत म्हटले आहे. १ मीटरवर १०० डेसिबलच्या पुढे जाणाऱ्या उपकरणाच्या संदर्भात हे आकडे पाहिल्यास सदनिकेत १५ वॅटचा विवर्धक पूर्ण क्षमतेने का वापरता येत नाही, हे स्पष्ट होते.

सुरक्षितता

लहान विवर्धकातही ३०० व्होल्टच्या आसपास वा त्याहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो धारित्रांमध्ये साठून राहू शकतो. हा दाब प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे आतील दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. गिटारच्या तारा विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असल्याने घरातील अर्थिंग योग्य असणे अत्यावश्यक आहे. जुन्या अमेरिकी विवर्धकांना दोन पिनांची वायर असते. ती बदलून अर्थिंगसह तीन पिनांची बसवावी लागते. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह विवर्धक वाजवल्यास निर्गम रोहित्र जळण्याचा धोका असतो.

मर्यादा व पर्याय

व्हॉल्व्ह विवर्धक महाग व वजनदार असतात आणि त्यांचे व्हॉल्व्ह ठरावीक काळाने बदलावे लागतात. ट्रान्झिस्टरवर चालणारे किंवा संगणकीय पद्धतीने व्हॉल्व्हच्या स्वराची नक्कल करणारे विवर्धक स्वस्त असून हेडफोनवरही वापरता येतात. रात्रीच्या सरावासाठी ते अधिक सोयीचे ठरतात. कमी वॅटच्या व्हॉल्व्ह विवर्धकाचे वेगळेपण मुख्यतः वादकाच्या हाताला मिळणाऱ्या प्रतिसादात आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी स्वतःच्या गिटारवर, ज्या आवाजात प्रत्यक्ष वाजवायचे आहे त्याच आवाजात तो वाजवून पाहणे हा निवडीचा सर्वांत विश्वसनीय मार्ग समजला जातो.

हेही पाहा

• ब्लूज
• विद्युत गिटार
• निर्वात नलिका
• ध्वनिप्रदूषण