होडीच्या तळाशी

१८८६ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी सुमारे साडेचार मीटर लांबीच्या होडीत आपले पेट्रोल इंजिन बसवून ती नेकार नदीत चालवली. लोक मात्र धास्तावले. पेट्रोलचा स्फोट झाला तर? असे सांगतात, की डाइमलरने होडीला तारा आणि चिनीमातीचे विद्युतरोधक लावून ती विजेवर चालते असे भासवले.

आज आपल्याला याचे हसू येते. पण ती भीती निराधार होती का? हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, तर पेट्रोलमधील हेप्टेनचा १००. म्हणजे पेट्रोलची वाफ हवेहून बरीच जड. मोटारीतून गळलेली वाफ खालून निघून जाऊ शकते. होडीचा तळ मात्र बंद भांड्यासारखा. वाफ तिथेच साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्का झाले, तरी एक ठिणगी पुरते.

म्हणून अशा होड्यांत इंजिन सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे पंखा चालवून तळातली हवा बाहेर काढतात. नव्या होड्यांना लागू असलेला हा नियम डागडुजी करून जपलेल्या जुन्या महोगनी होड्यांनाही चुकत नाही. तारांनी भीती झाकली. धोका कमी केला तो पंख्याने. रेणुभार शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.