कोरोनाचे डॉलर आणि बटाईदार

सोयाबीनची दुसरी फवारणी झाली, दुपारी बांधावर कृषी सहायकांबरोबर चहा घेत बसलो होतो. ते म्हणाले, अमेरिकेत कोरोनात शेतकऱ्याला सरकारने किती दिलं, माहितीय का? थोडंफार वाचलं होतं. बाकीचं रात्री वाचून काढलं. तेच इथं टाकतोय.

एप्रिल 2020 मध्ये तिकडे मांस कारखान्यांत कामगार आजारी पडले, कारखाने बंद झाले. आयोवासारख्या राज्यात डुकरं तयार, पण घेणारा कोणी नाही. काहींनी ती गोठ्यातच मारून पुरली. दूधवाल्यांनी दूध ओतून दिलं. 17 एप्रिलला सरकारने 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्याला, 3 अब्ज अन्नाच्या खोक्यांना. 26 मे पासून अर्ज सुरू. तिथं बहुतेक काउंटींत (आपला तालुका म्हणा, थोडा मोठा) शेती खात्याचं ऑफिस असतं. ते बंद होतं, म्हणून फोनवर आणि मेलवर कामं झाली. किती जनावरं, किती माल, हे शेतकऱ्याने स्वतःच लिहून द्यायचं. आधी 80 टक्के पैसे, उरलेले नंतर. कत्तलीला तयार बैल 15 जानेवारी ते 15 एप्रिलमध्ये विकला असेल तर डोक्यामागे 214 डॉलर. सप्टेंबरात आणखी 14 अब्जांपर्यंतचा दुसरा हप्ता आला.

हिशोब डोक्यामागे आणि बुशेलमागे. म्हणजे ज्याच्याकडे जास्त, त्याला जास्त. माणशी मर्यादा अडीच लाख डॉलर, पण शेतीची कंपनी असेल आणि तीन भागीदार राबत असतील तर साडेसात लाखांपर्यंत. छोट्याच्या हातात काय राहिलं, ते तुम्हीच काढा.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागली. पैसा जमिनीच्या मालकाला नव्हता, पिकाची जोखीम ज्याची त्याला होता. अर्ध्या वाट्याने कसणारा असेल तर अर्धा त्याचा. हे आपोआप आलेलं नाही बरं का. 1933 च्या मंदीत याच सरकारने भाव चढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले. तेव्हा चेक जमीनमालकाच्या नावे निघायचा. कुळाला त्याचा वाटा द्यायचा असं ठरलेलं, पण कित्येक मालकांनी दिलाच नाही. वर क्षेत्र कमी झालं म्हणून कुळालाच हाकललं. 1934 मध्ये आर्कान्सामधल्या टायरोंझा गावी काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली, ती याच रागातून.

तरी 2020 मध्येही एक माणूस सुटलाच: कंपनीची कोंबडी करारावर वाढवणारा. शेड त्याचं, कर्ज त्याचं, वीजबिल त्याचं. पण पक्षी कंपनीचा, म्हणून भावाची जोखीम त्याची नाही, असं ठरलं. कारखाने बंद, पिल्लं येईनात, शेड रिकामं, तरी पैसे नाहीत. त्याच्यासाठी तरतूद झाली ती डिसेंबर 2020 च्या कायद्यात. आपल्याकडे ब्रॉयलर करारावर करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

आता आपलं. 26 मार्च 2020 च्या पॅकेजमध्ये पीएम किसानचे 2000 एप्रिलमध्येच देणार असं जाहीर झालं. सुमारे 8.7 कोटी शेतकऱ्यांना. चांगलं झालं, पण तो वर्षाच्या 6000 मधलाच हप्ता होता, वेगळा नव्हता. आणि तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला.

मी चार एकर बटाईने करतो. बी माझं, खत निम्मं माझं, मजुरी माझी. त्या एप्रिलात मालकाच्या मोबाईलवर मेसेज आला, ते पुण्याला असतात. माणूस चांगला, फोन करून म्हणाले, "तुला पाठवू का यातले?" मी नको म्हणालो. आता वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

यंदा करार स्टॅम्प पेपरवर करू असं त्यांना सांगितलंय. अजून उत्तर नाही.