नांदेड पायी पाहताना: फिरण्याच्या हक्काचा इतिहास

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात वॉल्टर बेंजामिन भेटतो. पॅरिसच्या रस्त्यांवरून काहीही काम नसताना, दुकाने आणि माणसे न्याहाळत फिरणाऱ्या माणसाबद्दल त्याने खूप लिहिले. आम्हाला तेव्हाच प्रश्न पडला होता, आणि तो अजून सुटलेला नाही. या माणसाला वाटेत कोणी जात विचारत नव्हते. आपल्याकडे असे निवांत फिरणे कोणाच्या वाट्याला आले?

आपल्या आजोबांची पिढी शहरात येत होती ती डोक्यावर मोळी घेऊन, नाहीतर कोणाच्या तरी कामाला. शहर बघायला म्हणून कोणी येत नव्हते. बाबासाहेब मात्र एकदा खरोखरच सहलीला निघाले होते. 1934 साली, तीसेक कार्यकर्त्यांसह, वेरूळ आणि दौलताबाद पाहायला. नांदेड ज्या निजामाच्या राज्यात होते त्याच राज्यातली ही गोष्ट. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून ओरडा झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. ज्याने कोलंबिया आणि लंडन पायाखाली घातले त्याला मराठवाड्यात पहाऱ्यात फिरावे लागले! पर्यटनाच्या कोणत्या पुस्तिकेत हे छापतात?

म्हणून आमचे म्हणणे आहे की तरुणांनी एक दिवस काढून नांदेड पायी पाहावे, आणि सुरुवात रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापासून करावी. घाई करू नये. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या. याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत 4 ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना ठार मारले. पुढची पंधरा वर्षे मोर्चे, लाठ्या, तुरुंग. 25 नोव्हेंबर 1993 रोजी याच नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर बरोबर पन्नास दिवसांनी, 14 जानेवारी 1994 ला, नामविस्तार झाला.

नामांतर नव्हे, नामविस्तार. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, ज्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले. नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. स्वामीजींच्या हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. विद्यापीठ जवळ आल्याने आपल्या पोरांची सोय झाली हेही खरे. पण हिशेब मांडाच. पोचिराम आणि गौतम ज्या जिल्ह्यात गेले, त्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पदवीवर ते नाव येत नाही, ज्यासाठी ते गेले. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वाटून घ्यावे.

पुतळ्यापासून सचखंड गुरुद्वारापर्यंत चालत जाता येते. 1708 साली गुरू गोविंदसिंगांचे इथे निर्वाण झाले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. इथे लंगरमध्ये सगळ्यांनी एका पंगतीत बसायचे असते. गुरूंच्या पहिल्या पाच प्याऱ्यांत एक न्हावी होता, एक पाणक्या होता, एक छिपी होता. येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता आणि 1936 मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते, हे त्या पंगतीत बसताना आठवायला हवे. शेवटी त्यांनी बुद्ध निवडला. त्या निवडीमागे वीस वर्षांचा अभ्यास होता.

गुरुद्वारातून नगीना घाटावर उतरा. समोर गोदावरी. या नदीचे नाव सुत्तनिपातात येते. गोदेच्या काठी अस्सक प्रदेशात राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला धाडले आणि ते पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी करत पायी थेट मगधापर्यंत गेले. शंका विचारण्यासाठी अर्धा देश तुडवणारी ही माणसे गोदाकाठची होती! त्या बावरीचे नाव घेऊन दाभडला महाविहार उभा आहे, तिथली धम्म परिषद आपल्याला ठाऊक आहेच. पण घाटावर माहिती सांगणारे लोक गोदावरीचे फक्त पौराणिक माहात्म्य सांगतात.

वेळ उरला तर उस्मानशाही मिलबद्दल विचारत फिरा. मिल कधीच बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडात धरावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. नांदेडच्या मिलमध्ये कोणत्या खात्यात कोण होते? देगाव चाळीत, जयभीमनगरात जी म्हातारी माणसे उरली आहेत त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. पाच-दहा वर्षांनी विचारायला कोणी नसेल. लातूरच्या मित्रांनी गंजगोलाईत हेच करावे. 1917 च्या त्या गोल बाजाराला सोळा रस्ते मिळतात. सोन्याची पेठ, चपलांची पेठ, मिरची-गुळाची पेठ. कोणत्या रस्त्यावर दुकानाचा मालक कोण आणि पाठीवर पोते घेणारा कोण, एवढे मोजले तरी एक प्रबंध होईल.

हे सगळे जुने झाले म्हणणाऱ्यांसाठी शहराजवळचेच एक गाव सांगतो. बोंढार हवेली. 1 जून 2023 रोजी तिथे एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती काढल्याचा राग मनात धरून मारले, असे फिर्यादीत म्हटले आहे. त्या संध्याकाळी रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती. आणि आपला पोरगा निघाला होता किराणा दुकानात.