भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाची कुळकथा

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचा एखादा जुना अंक प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाला ज्यास तो इतिहास म्हणत आला ती वस्तू तेथे सहसा सापडत नाही. लढाईचे वर्णन नाही, राजपुरुषांचे चरित्रचित्रण नाही, राष्ट्राच्या उदयास्ताची मीमांसा तर त्याहून नाही. आहे तो कोणा देशमुखाच्या वतनाचा महजर, कोणा देवस्थानाच्या इनामाची सनद, दोन भाऊबंदांच्या तंट्यातील करीना आणि त्यावर पडलेले निवाडपत्र, आणि या सर्वांच्या मागेपुढे संपादकाची चार-सहा ओळींची रुक्ष टीप. कागद कोणाच्या दफ्तरातून आला, अस्सल आहे की नक्कल, शिक्का कोठे उमटला आहे, कोठे कसर लागून अक्षरे गेली आहेत, एवढेच ती टीप सांगते आणि थांबते. विद्वानांचे नियतकालिक म्हणजे विद्वानांची मते, अशी ज्याची समजूत आहे त्याला हा प्रकार विचित्र वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते या त्रैमासिकाचे सारे मोल याच रुक्षपणात आहे, आणि तो रुक्षपणा त्याच्या अंगी कोठून आला हे त्याच्या पूर्वजांची चौकशी केल्यावाचून उलगडत नाही.

मराठ्यांचा पहिला सविस्तर इतिहास परक्याने लिहिला. पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्यास कंपनी सरकारच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ग्रँट डफला जी कागदपत्रे व बखरी पाहण्यास मिळाल्या, त्या कोणाही एतद्देशीय विद्वानाला त्या काळी मिळणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या आधारावर त्याने 1826मध्ये आपला तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे चाळीस वर्षे आपल्याकडचे शिकलेले लोक आपल्याच पूर्वजांची हकीकत त्या ग्रंथातून घेत राहिले. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या ग्रंथावर केलेली टीका 1868मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रथमच असा प्रश्न जाहीरपणे उभा राहिला की, डफने जे कागद पाहिले ते आपण कधी पाहणार, आणि त्याने जे पाहिलेच नाहीत ते आहेत तरी कोठे. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाने देता येण्यासारखे नव्हते. कागद एकदम सापडत नाहीत. आज दोन, सहा महिन्यांनी दहा, अशा रीतीने ते हाती येतात, आणि जे हाती आले ते तत्काळ छापून इतरांपुढे ठेवावयाचे तर त्याला नियतकालिकच पाहिजे.

ते नियतकालिक 1878च्या आरंभी पुण्यात निघाले. काव्येतिहाससंग्रह हे त्याचे नाव. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हे त्याचे प्रवर्तक. नावाप्रमाणे अर्धे काव्य व अर्धा इतिहास अशी त्याची विभागणी होती, आणि इतिहासाची बाजू मुख्यतः साने यांनी सांभाळली. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर यांसारखे जे ग्रंथ आज शाळेतल्या मुलालाही नावाने ठाऊक आहेत, ते तेव्हा कोणाच्या तरी माजघरातल्या फडताळात हस्तलिखित रूपाने पडलेले होते. मासिकाच्या हप्त्याहप्त्याने ते लोकांपुढे आले. बखरींच्या जोडीने पत्रे व यादीही छापल्या जाऊ लागल्या, आणि वर्षामागून वर्षे हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वाचल्यावर सुज्ञांच्या ध्यानी एक गोष्ट आली, ती अशी की, पत्र आणि बखर पुष्कळदा एकमेकांस मिळत नाहीत. बखर ही प्रसंगानंतर, कधी कधी दोन पिढ्यांनंतर, धन्याच्या आज्ञेवरून लिहिलेली. पत्र हे त्या प्रसंगाच्या धुळीत बसून, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेले. सुमारे दहा वर्षे चालून काव्येतिहाससंग्रह बंद पडला, परंतु पत्राचा मान बखरीच्या वर हा विचार त्याने मागे ठेवला.

त्या विचाराचे शास्त्र विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. वाई येथे पानिपतच्या प्रकरणाची अस्सल पत्रे त्यांच्या हाती आली, आणि 1898मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे अशा खंडांची संख्या 22 झाली. इतिहासलेखनाची घाई करू नये, प्रथम सर्व साधने जमवावी, छापावी, त्यांचा काल निश्चित करावा, आणि मग लेखणी उचलावी, हा त्यांचा दंडक होता. त्याच सुमारास मिरजेस वासुदेव वामन खरे शाळामास्तरकी सांभाळून पटवर्धनांच्या दफ्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध करीत होते, आणि साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी 1908मध्ये इतिहाससंग्रह सुरू केला. परंतु हे सर्व एकांड्या शिलेदारांचे काम होते, आणि त्यातील अडचणींची आज कल्पना करणेही कठीण आहे. 1852च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने कागद मागून घेऊन वतने व इनामे यांची जी चौकशी केली, तिची दहशत जुन्या घराण्यांच्या मनातून पुढे पन्नास वर्षेही गेली नव्हती; कागद मागावयास आलेला मनुष्य, मग तो राजवाड्यांसारखा स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून खाणारा निःस्पृह ब्राह्मण का असेना, सरकारचा हेर नसेल कशावरून, ही शंका प्रत्येक वाड्याच्या दिंडीत उभी असे. मग कागद माळ्यावर राहत, पावसाने भिजत, कसरीने खाल्ले जात, आणि घर मोडले म्हणजे रद्दीच्या भावाने वाण्याकडे जात.

एका माणसाच्या हयातीत हे काम आटोपणारे नाही हे ओळखून राजवाडे यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. संस्था स्थापन झाली तरी त्रैमासिक लगेच निघाले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रारंभी सभासदांनी ठरावीक दिवशी जमावे, आपणांस सापडलेला कागद वाचून दाखवावा, त्यावर इतरांनी शंका घ्याव्या, आणि वर्षाच्या अखेरीस ही टिपणे एकत्र करून छापावी, अशी वहिवाट पडली. वार्षिक इतिवृत्ते व संमेलनवृत्ते या नावांनी जे ग्रंथ निघाले ते या सभांचेच फळ होत. शके 1842त, म्हणजे 1920मध्ये, त्रैमासिक सुरू झाले ते या पाक्षिक सभांना छापील रूप देण्यासाठी. म्हणून त्याचा आवाज व्याख्यात्याचा नाही, सभेत कागद पुढे ठेवणाऱ्याचा आहे. आणि म्हणूनच तेथे दोन पानांचे टिपण दोनशे पानांच्या प्रबंधाच्या पंक्तीला निःसंकोचपणे बसते.

आता एक कागद त्रैमासिकात येतो कसा ते पाहू. कागदांचा रुमाल सोडला म्हणजे प्रथम गाठ पडते ती मोडी लिपीशी. कारकुनाने आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतलेली, मग बोरू न उचलता अक्षरे तिला टांगलेली. शब्द कोठे तुटतो याची खूण नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. वाचक हे सारे बाळबोधीत उतरवितो, आणि येथेच मंडळाची शिस्त दिसून येते: जे वाचता येत नाही तेथे जागा सोडावयाची, पदरचे अक्षर घालावयाचे नाही. त्यानंतरचे काम कालनिर्णयाचे, आणि ते सर्वांत बिकट. सरकारी कागदावर शुहूर सन असतो, तोही आकड्यांत नव्हे तर अरबी संख्यावाचकांत, आणि एकं आधी, सहस्र शेवटी या क्रमाने. समजा कागदावर इहिदे सितैन मया व अलफ असे आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण 1161. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हा सन पालटतो, म्हणून त्यात वर्षाच्या पूर्वभागासाठी 599 व जानेवारीपासून पुढच्या भागासाठी 600 मिळवावयाचे. म्हणजे हे साल 1760–61 ठरले, आणि पौष शुद्ध 8 शके 1682, तारीख 14 जानेवारी 1761, या दिवशी झालेला पानिपतचा संग्राम याच सालात पडतो.

पण सन सौर आणि त्यावरील महिने मोहरम, सफर असे चांद्र, यामुळे एक मौजेची अडचण उत्पन्न होते. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी आखूड असल्याकारणाने एकाच शुहूर सनात काही चंद्र, म्हणजे चांद्र तारखा, दोनदा येतात, एकदा सालाच्या आरंभी व एकदा अखेरीस. मग कागद ज्येष्ठातला की त्यापुढच्या वैशाखातला हे केवळ तारखेवरून ठरत नाही. वार दिला असेल तर सुटका होते, नाहीतर मजकुरातील पाऊस, पेरणी, छावणी, मोहीम यांच्या उल्लेखांवरून अनुमान बांधावे लागते. खाजगी पत्रांत तर पुष्कळदा साल नसतेच, नुसती मिती व ‘बहुत काय लिहिणे’. ज्यास पत्र लिहिले त्यास साल ठाऊक होते, त्यामुळे ते लिहिण्याची लेखकाला गरज नव्हती. आपणांस ते शोधावे लागते, आणि एका पत्राचे साल चुकले की त्यावर रचलेला सारा कारभार एका वर्षाने सरकतो. त्रैमासिकाच्या पानोपानी आलेली कोरडी दिसणारी मितीची चर्चा या धास्तीपोटी आहे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा विजय जेधे शकावलीच्या प्रकरणात दिसला. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातील ही टाचणवजा शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि त्यांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात 1916मध्ये प्रसिद्ध करविली. शके 1540 ते 1619 या काळातील घडामोडी वर्ष, मास, तिथी व पुष्कळ ठिकाणी वार देऊन तीत टिपलेल्या आहेत. वर्णन नाही, स्तुती नाही, अलंकार नाही. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549च्या वैशाखात, म्हणजे 1627मध्ये, झाला असे सामान्यतः मानीत. शकावलीने शके 1551, फाल्गुन वद्य 3, शुक्रवार अशी नोंद दिली. आता तिथी काय, कोणीही लिहू शकेल. परंतु पंचांगाचे गणित करून पाहता ती तिथी तेव्हाच्या इंग्रजी गणनेप्रमाणे 19 फेब्रुवारी 1630 येते आणि त्या दिवशी शुक्रवारच पडतो. मागाहून रचलेल्या बनावट नोंदीत तिथी आणि वार असे आपोआप जुळत नाहीत. एवढ्यावर मंडळींनी वाद मिटला असे म्हटले नाही. उलट नोंदींमागून नोंदी तपासून पाहिल्या. तंजावराकडून परमानंदाचे शिवभारत उजेडात आले, राजस्थानात महाराजांची जन्मपत्रिका मिळाली, आणि एकमेकांशी संबंध नसलेली ही साधने त्याच तिथीवर येऊन मिळाली. दत्तात्रेय विष्णू आपटे व सदाशिव महादेव दिवेकर यांनी 1925मध्ये सिद्ध केलेला शिवचरित्रप्रदीप या साधनपरीक्षेचाच परिपाक होय. तीन वर्षांचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु तोरणा घेते वेळी महाराज किती वर्षांचे होते, शहाजीराजांच्या धामधुमीत जिजाबाईंची कूस कोणत्या संकटकाळी उजवली, हे सर्व त्या तीन वर्षांवर अवलंबून आहे.

तुलनेसाठी पाहावे तर, अमेरिकेत युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या अकादमीचे स्पेक्युलम हे विख्यात त्रैमासिक 1926च्या जानेवारीत निघाले, म्हणजे आपल्या त्रैमासिकाहून ते वयाने लहान आहे. त्याला जर्मन व फ्रेंच पंडितांनी शंभर वर्षे खपून छापलेल्या साधनांचा भरभक्कम पाया आयता लाभला होता, म्हणून तेथे प्रबंध व ग्रंथपरीक्षणे यांना अग्रस्थान देता आले. आपल्याकडे तो पाया घालण्याचेच काम त्रैमासिकावर येऊन पडले. येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला अंशतः मान्य आहे: कागद छापण्याच्या नादात कागद म्हणजेच इतिहास अशी भावना बळावली, वतनाच्या तंट्यांचे ढीग पडले पण त्यांतून गावगाड्याचे अर्थकारण उभे करून दाखविणारे हात थोडे निघाले, आणि ज्यांच्या घरी दफ्तर नव्हते अशा कुणबी, महार, कोळी यांचा आवाज निवाडपत्रातील साक्षीपुरताच उरला. परंतु ते निवाडपत्र अक्षराला अक्षर लावून छापले गेले, म्हणून ती साक्ष तरी आज वाचता येते, हेही तितकेच खरे.

त्रैमासिकाने मराठी सोडली नाही, याचा मला विशेष अभिमान वाटतो. राजवाड्यांचा तर मराठीतच लिहिण्याचा निर्धार होता, आणि त्याचे फळ असे की, मराठ्यांच्या काळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या जदुनाथ सरकारांसारख्या बंगाली पंडितालाही मराठी शिकावी लागली. सरकार आणि पुण्याची मंडळी यांचे पटले नाही, साधनांच्या विश्वासार्हतेवरून दोन्हीकडून कठोर लिहिले गेले. पण त्या वादामुळे फारसी साधनांवाचून आपला संसार अपुरा आहे ही जाणीव पुण्यासही झाली. ती उणीव गणेश हरि खरे यांनी भरून काढली. ते स्वतः फारसी शिकले, फर्माने व निशाणे यांच्या वाचनात पारंगत झाले, आणि ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड मूळ पाठ व मराठी भाषांतर यांसह मंडळाकडून निघाले.

खुद्द राजवाडे मात्र मतभेद होऊन मंडळापासून दूर झाले होते. धुळ्यास 31 डिसेंबर 1926 रोजी ते वारले, आणि त्यांचे दफ्तर सांभाळण्यासाठी पुढल्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन होऊन त्याचेही संशोधक या नावाचे पत्र निघू लागले. पुण्यात दत्तो वामन पोतदार यांनी अनेक वर्षे चिटणिशी करून मंडळाचा गाडा चालविला. सरकारने बंद ठेवलेले पेशवे दफ्तर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली 1930पासून 45 भागांत निवडक रूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील पत्रांच्या मिती पुन्हा तपासण्याचे, खाजगी दफ्तरांतील जोडपत्रे शोधून त्यांच्याशी ताडून पाहण्याचे काम संशोधकांपुढे नव्याने उभे राहिले. आणि अशा दुरुस्तीचे टिपण, मग ते अर्ध्या पानाचे का असेना, छापण्याची जागा त्रैमासिकात होतीच.